रिकामा कप्पा आणि शून्य

पंधरा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत माझा लेख छापून आला होता. विषय होता एका जुन्या मराठी मासिकातले स्त्रियांचे लेखन. १९२५ ते १९५० या काळातल्या अनुक्रमणिका मी एका ग्रंथालयात बसून वहीत उतरवल्या होत्या, स्त्रियांच्या नावावरच्या कथा, कविता आणि लेख वेगळे मोजले होते, आणि घरी येऊन ते आकडे एक्सेलमध्ये भरले होते. लेखासोबत एक रेषालेख होता. रेषा १९३० नंतर चढत जाते, १९४१पर्यंत बऱ्यापैकी उंचीवर राहते, आणि १९४२, ४३, ४४ या तीन वर्षांत तळाला टेकते. १९४५ला ती पुन्हा वर येते.

त्या खड्ड्यावर मी दोन परिच्छेद लिहिले होते. दुसरे महायुद्ध, कागदाची टंचाई, महागाई, बेचाळीसची चळवळ, पृष्ठसंख्या घटल्यावर संपादकांनी आधी कोणाला वगळले असेल, असे सगळे त्यात होते. कारणे शोधायला मला कष्ट पडले नाहीत, कारण त्या तीन वर्षांत कारणांना तोटा नव्हता. ‘युद्धाने बाईच्या हातची लेखणी सर्वांत आधी काढून घेतली’ असे एक वाक्यही मी लिहिले होते आणि ते मला फार आवडले होते. इतरांनाही आवडले असावे. पुढे दोन-तीन जणांनी ते उद्धृत केले, एकाने आलेखासकट.

मग सांगलीहून एक पोस्टकार्ड आले. स. न. वि. वि. लिहून झाल्यावर मजकूर चार ओळींचा होता. ज्या तीन वर्षांत बायका लिहीत नव्हत्या असे आपण म्हणता, त्याच तीन वर्षांत त्याच मासिकात माझ्या पाच कथा आल्या आहेत. बहुतेक अंक २००५च्या पुरात गेले. एक शिल्लक आहे. सवडीने येऊन पाहावा.

मी गेलो. बाईंचे वय तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होते. त्यांनी अंक आधीच काढून टेबलावर ठेवला होता. १९४३चा दिवाळी अंक, कडा कुरतडलेल्या, पाण्याचा डाग अर्ध्या पानापर्यंत चढलेला. अनुक्रमणिकेत त्यांचे नाव होतेच, शिवाय आणखी चार स्त्रियांची नावे होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “माझं राहू द्या हो. ह्या चौघी तर आता सांगायलाही नाहीत. तुम्ही लिहिलंत की आम्ही गप्प होतो.” मग त्यांनी चहा ठेवला. मला तो घोटाघोटाने संपवावा लागला.

घरी येऊन मी वही उघडली. वहीत १९४२च्या पानावर माझ्याच अक्षरात स्पष्ट लिहिले होते: ‘४२–४४ फाइल ग्रंथालयात नाही.’ संगणकावरच्या तक्त्यातही मी त्या तीन कप्प्यांत इमानदारीने ‘अं. ना.’ असे टंकले होते, म्हणजे ‘अंक नाही’. आकडे भरले त्या दिवशी मला सत्य माहीत होते. आलेख काढला त्या दिवशी, दोन वर्षांनंतर, मी तक्त्याकडे न पाहता रेषेकडे पाहिले. मधल्या मध्ये ‘अंक नाही’चे ‘लेखिका नाही’ झाले होते.

हे कसे झाले ते समजून घेण्यात मी त्यानंतर बराच काळ घालवला. त्यातून हा लेख निघाला आहे. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात आणि चुका करून. पण साहित्याच्या अभ्यासकाला वाचनाची सवय असते, आणि आलेख हाही वाचायचाच मजकूर आहे असे माझे मत या प्रकरणानंतर बनले.

एक्सेलच्या रेषालेखात कप्पा खरोखर कोरा असेल तर रेषा तिथे तुटते. निदान मुळातली मांडणी तशी आहे. पण कप्प्यात अक्षरे असतील, मग ती ‘अं. ना.’ असोत की नुसती आडवी रेघ असो, आलेख त्यांना शून्य समजतो. एखादे सूत्र वरून कोरा दिसणारा मजकूर देत असेल तर त्याचाही शून्यच होतो. म्हणजे मी आळस करून तो कप्पा तसाच सोडला असता तर चूक झाली नसती. टीप लिहिली म्हणून झाली.

गंमत अशी की त्याच कप्प्याला तोच प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणी वेगळी वागणूक देतो. सरासरी काढायला सांगितली तर तो अक्षरांचे कप्पे मोजतच नाही, त्यामुळे माझी सरासरी बरोबर होती. दोन कप्प्यांची साधी बेरीज अधिकच्या चिन्हाने मागितली तर तो चुकीची सूचना देऊन थांबतो. सरासरी काढताना जे ‘माहीत नाही’ आहे आणि बेरजेत जी ‘चूक’ आहे, ते आलेखात ‘काहीच नव्हते’ ठरते. एका पानावर तीन पाठभेद, आणि छापायला गेला तो तिसरा.

आलेखावर उजवी कळ दाबून ‘सिलेक्ट डेटा’मध्ये गेले की कोपऱ्यात ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ नावाचे बटण आहे. तिथे कोऱ्या कप्प्यांसाठी तीन पर्याय मिळतात: जागा सोडा, शून्य धरा, किंवा अलीकडचा-पलीकडचा बिंदू रेषेने जोडा. हे तांत्रिक पर्याय दिसतात, पण इतिहासलेखकाच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी विधाने आहेत. पहिले म्हणते, मला ठाऊक नाही. दुसरे म्हणते, त्या काळात काही घडले नाही. तिसरे म्हणते, आधी-नंतर जे होते तेच मधेही चालू असणार. तिसरे फारच सभ्य दिसते आणि म्हणून मला ते दुसऱ्याइतकेच धोक्याचे वाटते. माझ्या आलेखात ते वापरले असते तर १९४१पासून १९४५पर्यंत एक सरळ रेष गेली असती, कोणालाही शंका आली नसती, आणि सांगलीचे पोस्टकार्डही आले नसते. शिवाय ही पेटी अक्षरे भरलेल्या कप्प्यांबद्दल काहीच विचारत नाही. ते कोरे नाहीतच, तेव्हा त्यांचा शून्य होऊन गेलेला असतो.

शाळेत आम्ही आलेख-कागदावर आलेख काढायचो. उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १० एकक’ असे लिहिले नाही तर गुण जायचे. त्या कागदाचा एक गुण मला आता कळतो. बिंदू नसेल तर पेन्सिल थांबते. पुढे न्यायची की नाही हे हाताला ठरवावे लागते, निदान क्षणभर. संगणकात तो क्षण दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या कामासाठी, आधीच घालवलेला असतो. विक्रीचे आकडे मांडणाऱ्या माणसासाठी कोरा कप्पा म्हणजे बहुधा त्या महिन्यात विक्री झाली नाही. हा वारसाही लक्षात घ्यावा. १९७९चे व्हिजिकॅल्क हिशेबाच्या कामासाठी निघाले. १९८३च्या लोटस १-२-३च्या नावातल्या तीन आकड्यांपैकी एक आलेखाचा होता. मॅकिंटॉशवर १९८५ला आणि विंडोजवर १९८७ला आलेले एक्सेल त्याच पेढीवर बसले. जमाखर्चाची वही आपण पाठचिकित्सेला आणून बसवली आहे.

पण हाताने काढले म्हणजे नीट काढले, असेही नाही. या बाबतीत दोन जुनी उदाहरणे मला पुन्हा पुन्हा आठवतात. एक प्रामाणिकपणाचे आणि दुसरे भयंकर.

पहिले विल्यम प्लेफेअरचे. या स्कॉटिश माणसाने १७८६मध्ये ‘द कमर्शिअल अँड पोलिटिकल अॅटलस’ हा ग्रंथ काढला. आर्थिक आकड्यांच्या रेषालेखांची परंपरा तिथून सुरू होते असे मानतात. त्यात इंग्लंडच्या व्यापाराचे अनेक रेषालेख आहेत, काळाबरोबर चढणारे-उतरणारे. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे १७८०च्या नाताळपासून १७८१च्या नाताळपर्यंतचे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने सतरा ठिकाणांशी झालेल्या आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या काढल्या. स्तंभालेखाच्या इतिहासात हा पहिल्या काही आलेखांत गणला जातो. आणि प्लेफेअरने आपल्या या शोधाबद्दल फुशारकी मारली नाही. यात काळ येत नाही, म्हणून हा आलेख बाकीच्यांपेक्षा कमी उपयोगाचा, असे त्याने सांगून टाकले. आज एक्सेलमध्ये ‘इन्सर्ट’ म्हटले की जो पट्ट्यांचा आलेख सहज समोर येतो, तो एका माणसाकडे मागचे आकडे नव्हते म्हणून जन्माला आला. नसलेले आकडे त्याने तयार केले नाहीत, आकृतीच बदलली.

दुसरे उदाहरण २८ जानेवारी १९८६चे. ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सात जण गेले. आदल्या संध्याकाळी नासाचे अधिकारी आणि अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते यांची दूरध्वनीवर बैठक झाली होती. एवढ्या थंडीत सांध्यांची रबरी कडी नीट काम करणार नाहीत, उड्डाण पुढे ढकला, असे अभियंते म्हणत होते. पण थंडीचा आणि कड्यांच्या नुकसानीचा संबंध त्यांना आकड्यांनी पटवता आला नाही. याचे एक कारण नंतर रॉजर्स आयोगाच्या अहवालात दिसले. तुलना करताना ज्या उड्डाणांत नुकसान झाले तेवढीच उड्डाणे घेतली होती. ती तापमानाच्या अक्षावर टाकली तर बिंदू विखुरलेले दिसतात. थंडीतही नुकसान, उबेतही नुकसान. आयोगाने नुकसान न झालेली उड्डाणेही तळाशी, शून्याच्या ओळीत, मांडली आणि चित्र पालटले. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ वेळा त्रास झाला होता. ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत झाला होता. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या आसपास होती.

माझी चूक आणि ही चूक एकमेकींच्या उलट आहेत. मी कोऱ्याला शून्य समजलो. तिथे शून्यांना कोरे समजले गेले. ‘काही घडले नाही’ ही माहिती आहे, आणि ती बरेचदा सर्वांत महत्त्वाची माहिती असते. ती ‘आमच्याकडे नोंद नाही’पासून वेगळी ठेवायला तक्त्यात वेगळी खूण लागते. त्या बैठकीत स्प्रेडशीटचा दोष नव्हता. म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देऊन हा विषय संपत नाही.

शून्याचा दुसरा प्रश्न अक्षाचा आहे. आलेखावर टीका करणाऱ्यांच्या हातात बहुधा एकच काठी असते: अक्ष शून्यापासून सुरू नाही, म्हणजे फसवणूक. डॅरेल हफच्या १९५४च्या छोट्या पुस्तकापासून हा नियम लोकप्रिय आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी योग्यही आहे. पण मला तो पुरा वाटत नाही. का, ते महाराष्ट्राच्याच एका आकडेवारीवरून सांगतो.

शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली: १९९१च्या जनगणनेत ९४६, २००१मध्ये ९१३, २०११मध्ये ८९४. हे तीन आकडे एक्सेलला देऊन स्तंभालेख मागा. एक्सेलचा एक अंगभूत नियम आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक-षष्ठांशाहून कमी असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. इथे फरक ५२, एक-षष्ठांश सुमारे १५८. तेव्हा अक्ष साधारण ८६०पासून सुरू होईल. मग १९९१चा स्तंभ ८६ एककांचा आणि २०११चा ३४ एककांचा. पाहणाऱ्याला वाटेल की मुली निम्म्याहूनही कमी उरल्या. खरी घट साडेपाच टक्के, डोळ्याला दिसणारी साठ टक्के. एडवर्ड टफ्टीने १९८३मध्ये या गुणोत्तराला ‘लाय फॅक्टर’ असे नाव दिले. आपल्या आलेखात तो ११ येतो. स्तंभाचे सगळे बोलणे लांबीतून असते. त्याचे पाय कापले की तो खोटे बोलतो, यात वाद नाही.

आता नियमाप्रमाणे शून्यापासून काढू. पहिला स्तंभ ९.४६ सेंटिमीटर, शेवटचा ८.९४. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. तीन जवळजवळ सारखे खांब. वाचक म्हणेल, काही विशेष झाले नाही. या आलेखाचा टफ्टीच्या हिशेबाने गुणांक अगदी १ आहे, पूर्ण प्रामाणिक, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त फसवा वाटतो. कारण या आकड्याच्या बाबतीत शून्याला अर्थच नाही. कोणत्याही समाजात हे प्रमाण शून्य नसते. माणसांत निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. तुलना करायची तर या पातळीशी करायला हवी. तिथे आडवी रेघ मारून खाली तूट मोजली तर ती ६, ३९ आणि ५८ अशी येते. लहान वयातले मृत्यू वगैरे धरले तर हा हिशेब ढोबळच आहे. पण १९९१ला ज्या गोष्टीची जेमतेम चाहूल होती ती वीस वर्षांत कुठे गेली, हे या तिसऱ्या आलेखातच कळते.

कोणता शून्य घ्यायचा, हे गणित सांगत नाही आणि प्रोग्रॅमला तर सांगताच येत नाही. ते लेखकाला ठरवावे लागते आणि मुख्य म्हणजे ठरवले आहे असे छापावे लागते. आपल्याकडे शाळेत अक्ष शून्यापासून नसेल तर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करायला शिकवतात. परीक्षेत ती विसरली तर मास्तर लाल शाई लावतात. एक्सेलमध्ये ही खूण करण्याची सोय नाही. वरून एखादी आकृती चिकटवून वेळ मारून न्यावी लागते. चौदा वर्षांच्या मुलाकडून आपण जी प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो, तिला या प्रोग्रॅममध्ये जागा ठेवलेली नाही.

नागमोडी रेघ म्हटली की मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. वि. स. सुखटणकरांनी संपादित केलेल्या आदिपर्वात, आणि पुढच्या पर्वांतही, जो पाठ निश्चित नाही त्याच्या खाली नागमोडी रेघ आहे. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर संपादक म्हणतो, इथे माझी पूर्ण खात्री नाही. शिलालेखांचे वाचन छापतानाही झिजलेल्या अक्षरांच्या जागी कंस किंवा ठिपके देतात, मनाने अक्षर भरले तर भरले असे दाखवतात. ही शिस्त आपल्या विद्येत नवी नाही. मग आपण आलेख छापतो तेव्हा ती कुठे जाते? साहित्यविषयक शोधलेखात एखादे अवतरण चुकले तर परीक्षक पान काढून दाखवतो. आलेख मात्र कोणी वाचत नाही. त्याला चित्र समजून पान उलटतात, किंवा आकडे आहेत म्हणजे खरेच असणार म्हणून मान डोलावतात. माझ्या त्या लेखाची दोन परीक्षणे आली होती. दोन्हींत शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या होत्या.

त्रिमितीय पाय चार्टबद्दल काही लिहीत नाही. समोरचा तुकडा मोठा दिसतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही संस्थांच्या अहवालांत तो येतच राहणार.

काळाच्या अक्षाबद्दल मात्र लिहायला हवे, कारण एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्यांना त्याचा त्रास रोज होतो. एक्सेलच्या लेखी १ जानेवारी १९००पूर्वी तारीखच नाही. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२चा. ही तारीख कप्प्यात लिहिली तर ती तारीख म्हणून नव्हे, नुसती अक्षरे म्हणून बसते. (उलट २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस तिथे आहे. लोटसमधली चूक जुळवून घेण्यासाठी ती तशीच ठेवली.) १९००पूर्वीच्या तारखा अशा अक्षरे झाल्या की आलेख त्यांच्यातले अंतर मोजत नाही. एकामागे एक समान अंतरावर मांडतो. नुसती वर्षे लिहिली तरी रेषालेखात तेच होते. १८३२, १८४०, १८४१, १८७४ ही वर्षे चार समान पायऱ्यांवर उभी राहतात. आठ वर्षे, एक वर्ष आणि तेहतीस वर्षे यांची रुंदी एकच. एखाद्या चळवळीचा वेग मोजायला निघालेला अभ्यासक त्यात हमखास फसतो. उपाय सोपा आहे: ‘स्कॅटर’ प्रकार निवडायचा, त्यात वर्ष हा आकडा म्हणून धरला जातो. पण त्याच यादीत गुळगुळीत वळणांचा एक पर्याय आहे, त्याच्या मोहात पडू नये. दोन बिंदूंमधले वळण प्रोग्रॅमच्या कल्पनेचे असते. माझ्या एका आलेखात त्या वळणाने शून्याखाली बुडी मारली होती. त्या हिशेबाने १९२७च्या सुमारास मासिकात उणे एक लेखिका लिहीत होती.

हे सगळे झाल्यावर मी पुन्हा मूळ वहीकडे वळलो, आणि मग आलेखाच्या आधीच्या शंका सुरू झाल्या. मी मोजत काय होतो? अनुक्रमणिकेतली नावे. ‘सौ.’, ‘कु.’, ‘श्रीमती’ असेल तिथे प्रश्न नाही. पण नुसती आद्याक्षरे? ‘एक भगिनी’? १९३३ला ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, यावर केवढा गदारोळ झाला होता. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावामागे होत्या. अशा काळात नावावरून मोजणी करणारा माणूस बराचसा अंदाजच मोजत असतो. माझ्या तक्त्यात आता एकाऐवजी चार रकाने आहेत: खात्रीच्या लेखिका, संशयित नावे, पाहिलेल्या अंकांची संख्या, न मिळालेल्या अंकांची संख्या. शेवटच्या दोन रकान्यांचा आलेख मी पहिल्या आलेखाच्या बरोबर खाली काढतो. वरची रेषा कुठे विश्वासाची आहे ते खालची पाहून समजते. अक्षरे आता शेजारच्या ‘टीप’ या रकान्यात असतात, आकड्यांच्या रकान्यात आकडा तरी असतो नाहीतर काहीच नसते.

स्मरणिका पुढे निघाली नाही, त्यामुळे दुरुस्ती छापायला जागाच उरली नाही. ज्यांनी तो आलेख वापरला होता त्यांना पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले. त्यांचे म्हणणे, निष्कर्ष तर्काला धरून आहे, तेव्हा आकड्यांमुळे फारसे बिघडत नाही. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

दुरुस्त आलेख यंदा एका संग्रहासाठी तयार केला. १९४१पर्यंत रेषा आहे, मग ती तुटते, १९४५पासून पुन्हा आहे. मधल्या जागेत सांगलीच्या अंकाचा आकडा भरला: १९४३, पाच. आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. थोडा वेळ मला कळेना. मग उलगडले. रेषेला दोन टोके लागतात. दोन्ही बाजूंना कोरे कप्पे असलेला एकटा बिंदू साध्या रेषालेखात दिसतच नाही. आकडा तक्त्यात होता, पण आलेखात नव्हता. बाईंना दुसऱ्यांदा गप्प बसवायला निघालो होतो. ‘मार्कर’ चालू केल्यावर तो ठिपका दिसला. तो मी पोकळ ठेवला, कारण तो आकडा एका अंकाचा आहे, वर्षाचा नाही, आणि भरीव ठिपक्यांच्या शेजारी तो बरोबरीने बसवणे योग्य नव्हते. खाली टीप दिली: १९४२–४४ अंक उपलब्ध नाहीत. १९४३चा फक्त दिवाळी अंक खासगी संग्रहात पाहिला.

मुद्रिते आली तेव्हा रेषा तुटलेलीच होती, पण ठिपका नव्हता. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, तो शाईचा डाग वाटला म्हणून आमच्या मुलानं साफ केला. आणि ती रेघही मधे तुटली आहे, ती जोडून घेऊ का?” मी म्हटले, रेघ तशीच राहू द्या. आणि मुद्रितावर, १९४३च्या वर, काळ्या पेनाने गोल काढून समासात लिहिले: हा डाग नव्हे, असू द्यावा.